सलाममावशीचा दुसरा सलाम

सलाममावशीच्या दारात गेलं की ती दोन सलाम करायची. पहिला तुम्हाला. दुसरा तुमच्या डाव्या खांद्यावरून, जरा वर पाहून, तुमच्या मागं उभ्या असलेल्या माणसाला. आता मागं कोणी नसायचं ही गोष्ट वेगळी. मी कितीतरी वेळा गर्रकन वळून पाहिलं आहे. मागं रस्ता, रस्त्यापलीकडे हातपंप आणि हातपंपावर एखादा कावळा. कावळ्यांना सलाम करत बसणारी बाई ती नव्हती. मग भर मे महिन्यात पाठीवरून एक बारीक गारवा उतरायचा. आमच्या हिंगणी गावच्या उन्हाळ्यात असा गारवा दुसरीकडे कुठेच मिळत नसल्यामुळे मी तो घ्यायला पुन्हा पुन्हा जायचो.

तिचं खरं नाव एस्तेर. ते गावाला झेपलं नाही. जन्मभर मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि निवृत्त झाल्यावर मुलापाशी आमच्या गावात राहायला आली. ख्रिस्ती घर गावात तेवढं एकच. त्यांच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात, हे आम्हाला उशिरा कळलं. तोवर गावानं तिच्याबद्दल नाना तर्क लढवले आणि सगळे चुकवले. कपाळ मोकळं, पांढरी काठाची साडी, हातात काळी छत्री. रविवारी सकाळच्या बसनं वर्ध्याला उपासनेला जायची आणि येताना आख्ख्या आळीसाठी पाव आणायची. पावामुळे तर्क लढवणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

दुसऱ्या सलामाबद्दल मी एकदा विचारलंच. गणपतीतल्या नाटकात मी राजा व्हायचो, म्हणून ती मला नाटक्या म्हणायची.

"मावशी, हा दुसरा सलाम कोणाले?"

"तुह्या मागं उभा हाये त्याले."

"कोण उभा हाये?"

"परमेश्वराचा माणूस. परतेकाच्या मागं एक उभा राह्यते. संकटात हाका मारल्यावर धावत येत नाई तो, नाटक्या. आधीच येऊन उभा राह्यते."

"मंग मी वळलो तर दिसन?"

"नाई दिसत. तू वळला का तो बी वळते. मागंच राह्यते. मनून तर तुह्या वतीनं मले सलाम करा लागते."

या उत्तराला तोड नव्हती. मी माझ्या किराणा दुकानात येऊन तराजूसमोर उभा राहिलो आणि बराच वेळ कोणाकडे पाठ करायला मला जमलं नाही.

गावाला मात्र या सलामाचा भलताच नाद लागला. परीक्षा असो, बाळंतपण असो, जंगलाच्या कडेच्या वावरात जायचं असो, लोक आधी मावशीच्या दारावरून जायचे. दुसरा सलाम पडला की मोकळे. ती चिडायची. "मी का जोतिषी हाये?" पण ऐकतं कोण. पुंडलिकराव नावाचे आमचे एक गृहस्थ मुलीचं लग्न ठरवायला निघाले, तर त्यांना एकच सलाम मिळाला. बिचारे परत घरी गेले, पुन्हा आंघोळ केली, कपडे बदलले आणि पुन्हा तिच्या दारात आले. मावशीच्या तोंडात मघाशी गरम भजं होतं, एवढंच कारण. ते गिळून झाल्यावर तिनं पुंडलिकरावांना राहिलेला सलाम दिला आणि वर म्हणाली, "तुमच्यापेक्षा तुमच्या मागचाच जास्त कंटाळला असन. दोन खेपा झाल्या त्याच्या."

मी तिची परीक्षाही घेतली. माझा धाकटा भाऊ गजानन, म्हणजे गजू, अबोल माणूस. त्याच्या वाट्याचं बोलणंही मीच बोलतो असं घरचे म्हणतात. तो वावरात वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा आणि मी दुकानात बसून गप्पा पिकवायचो. एका दुपारी मी त्याला माझ्या पाठीमागे वाकवून लपवलं आणि तसाच तिच्या दारात उभा राहिलो. मावशीनं मला सलाम केला. खांद्यावरून दुसरा केला. मग न वाकता, न पाहता म्हणाली, "गजू, उठ बापा, कंबर धरन." आणि तो उठून उभा राहिल्यावर एक त्याला, एक त्याच्या मागे. गजू क्वचितच हसायचा. त्या दिवशी हसला, पण घरी येईपर्यंत माझ्या बाजूनं न चालता भिंतीच्या बाजूनं चालला.

तिची प्रार्थनाही चारचौघींसारखी नव्हती. डोळे उघडे, हात मोकळे. ओसरीत बाजेवर बसून बोलायची. एक वाक्य बोलायची, थांबायची, ऐकायची, मग "बरं" म्हणायची. फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू यावी तसं. फक्त हातात फोन नसायचा. "तो पाटलाचा पोरगा तापानं फणफणला. आज जरा लवकर लक्ष घाल." शांतता. "बरं." मग छत्री उचलून पाटलाकडे निघायची. पण रोज शेवटी ती एक प्रश्न मनातल्या मनात विचारायची. ओठ हलायचे, आवाज नसायचा. त्यानंतरची शांतता लांबच लांब चालायची, आणि शेवटी "बरं" यायचं नाही. "ठीक हाये. उद्या इचारते," असं म्हणून ती दिवा लावायला उठायची.

तो प्रश्न सगळ्या गावाला माहीत होता. तिचा मुलगा शांतवन मित्रांबरोबर बोर धरणावर पोहायला गेला आणि परत आला तो चादरीत. मावशीची नागपूरची बहीण तिला न्यायला आली होती. मावशी गेली नाही. "जिथं इचारलं तिथंच थांबा लागते," म्हणाली. "मी घर बदललं आन् उत्तर इथं आलं तर?"

आता विहिरीचं सांगतो.

आमच्या वावरातली विहीर जुनी. वरचा भाग दगडांनी बांधलेला, खाली नुसता मुरूम. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा, हे दरवर्षीचं काम. त्या वर्षीही गजू खाली उतरला होता. वर दोन मजूर चाकावरून टोपलं ओढत होते आणि मी बाभळीखाली बसून त्यांची करमणूक करत होतो. ऐन दुपार. वारा नाही, पाखरू नाही. आमच्याकडे अशा वेळी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. उन्हाला भितो, आणि उन्हात जे काय हिंडतं म्हणतात त्यालाही. आणि मग जमिनीनं घसा खाकरावा तसा एक आवाज झाला. टोपल्याचा दोर ढिला पडला. विहिरीतून धूळ वर आली, अगदी सावकाश, चुलीतून धूर निघतो तशी.

खालची कड घसरली होती. गजू छातीपर्यंत मातीत होता आणि त्याच्या वर बांधकामाचे दगड लोंबत होते. दोर टाकला, तर त्याचे हात पुरलेले. उतरावं, तर पायाचा धक्का लागून उरलेलं खाली यायची भीती. तालुक्याला, सेलूला फोन केला. मशीन आणि माणसं पाठवतो म्हणाले. गजूची बायको शोभा धावत आली आणि विहिरीच्या काठावर पालथी पडली. तिला दोन्ही मजुरांनी धरून ठेवलं. मी काय करत होतो? मी उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून, काळी छत्री येताना दिसली.

तिला कोणी सांगितलं नव्हतं. नंतर मी एकेकाला खोदून विचारलं, कोणीच नाही. मावशी काठाशी आली, छत्री मिटली, वाकून म्हणाली, "सलाम, गजू."

खालून आवाज आला, "मावशी."

ती आणखी वाकली. गजूच्या डोक्यामागे जिथं नुसता काळा अंधार होता तिकडे पाहून म्हणाली, "सलाम." आणि उत्तर आल्यासारखी मान हलवली. मग काठावर मांडी घालून बसली.

मशीन येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली. वांग्यांवर कीड पडली का, शोभाच्या हातची भाकर बरी की आईची. गजू अबोल, पण त्या दिवशी एकेक शब्दानं उत्तर देत होता. मग मशीन आलं, बाजूनं माती काढायचं ठरलं. कोणीतरी मावशीला म्हणालं, आता तुमची प्रार्थना पुरे, मशीनला काम करू द्या. ती म्हणाली, "देव मशीननं बी काढते. त्याले का मशीनचं वावडं हाये?" आणि जागा दिली, पण बोलणं सोडलं नाही.

मग गजूची उत्तरं बंद झाली.

मावशीचं बोलणं मात्र चालूच राहिलं. तेच तिचं, एक वाक्य आणि थांबणं. "हो." थांबली. "माईत हाये, जड हाये." थांबली. "आणखी थोडंसं. आले ते." शोभा किंचाळली, "मावशी, ते बोलत नाईत हो."

"गजू झोपला, माय," मावशी म्हणाली. "दुसऱ्याशी बोलून राह्यली मी. त्यानं धरून ठेवलं हाये."

दिवस मावळायच्या आत गजूला वर काढलं. बेशुद्ध, पण श्वास चालू. कमरेला पट्टा बांधून जो माणूस खाली उतरला होता तो वर येऊन जमिनीवर बसला आणि पाणी मागायचंही विसरला. गजूच्या डोक्यामागे बैलाएवढी मुरुमाची दरड उभी होती, म्हणाला. पुढं झुकलेली. खाली टेकण काही नाही. गजूचे पाय मातीतून सुटले आणि त्याच क्षणी ती धसून खाली बसली. एका इंजिनियरांनी मला नंतर समजावलं, ओल असली की माती अशी काही वेळ तोलून राहते. मला ते पटतं. विशेषतः दुकानात गर्दी असते तेव्हा अगदी पूर्ण पटतं.

गजू दवाखान्यातून आला आणि माझ्याशी बोलला. "दादा, माह्या पाठीले हात लागले होते. घट्टे पडलेले, कामकऱ्याचे हात. कानाजवळ कोणी तरी धापा टाकून राह्यला होता."

मावशी बाजूलाच बसली होती. "दमनच ना," ती म्हणाली. "माती का हलकी असते?"

इथं गोष्ट संपली असती तर मी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला आनंदानं सांगितली असती. पण गजू वर आला तो सगळा आला नाही. तो घरात झोपेना, अंगणात बाज टाकायचा. वावरात जाईना. दिवसभर माझ्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांना पाठ चिकटवून बसायचा. मागं कोणी गेलेलं त्याला चालत नसे. विहिरीला त्यानं कोणाला हात लावू दिला नाही. पाणी नाही तर भाजी नाही. वावर पडीक राहिलं, शोभा दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जाऊ लागली. आणि मावशी दारात दिसली की तो हात जोडायचा. "माह्या मागं नका पाहू."

तिनं ते मानलं. त्याच्यापुरता एकच सलाम. दुसरा गिळून टाकायची. तिचा गळा हललेला मला दिसायचा. पण रोज दुपारी छत्री घेऊन यायची आणि त्याच्या शेजारी पोत्यावर बसायची. मला म्हणायची, "देवानं अर्धा काढला. राह्यलेला काढूनच राह्यला. वेळ लागते. याले मशीन नाई ना."

एका दुपारी गजूनं मनातलं बाहेर काढलं. "मावशी, मी सुटलो आन् दरड बसली. तो तिथंच होता. माह्या जागी तो पुरला गेला."

मावशी म्हणाली, "हो. तो असाच करते. आपल्या जागी सोता राह्यते."

"मंग तो खालीच हाये. आन् मी इथं चहा पिऊन राह्यलो."

"पुरल्यानं तो खाली राह्यत नाई, गजू."

"तुम्ही पाह्यलं?"

"नाई."

गजू एकदम तिच्याकडे वळला. "मले धरलं. तुमच्या शांतवनले काऊन नाई धरलं?"

मी गुळाची ढेप फोडत होतो. मावशीनं छत्रीची मूठ नीट केली. "तेच तर रोज इचारते मी. तो सांगत नाई. पण उठून बी जात नाई. जो उत्तर देत नाई आन् जात बी नाई, त्याच्याजवळ काही तरी हाये मले द्यायचं. मनून थांबली हाये. तू बी थांब माह्यासंगं."

ते दोघं तसेच थांबले. उन्हाळे गेले. विहिरीच्या तोंडाशी बाभळी उगवल्या. मावशी थकली, पण पोत्यावरची बैठक चुकली नाही.

मग या फाल्गुनात ती तापानं पडली. मी भेटायला गेलो तेव्हा बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. मला सलाम केला. दुसऱ्यासाठी माझ्या खांद्याकडे पाहील म्हणून मी थांबलो, तर तिनं मान वळवली आणि स्वतःच्याच खांद्यावरून मागं पाहिलं. मागं भिंत. तिथं पाहून ती ओळखीचं हसली आणि म्हणाली, "आलीच. याले दोन शब्द सांगते." वळून पाहिलं तर दिसत नाही, हे मला तिनंच शिकवलं होतं. तिला काय दिसलं ते विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली.

"नाटक्या, मले पोचवायले गजूले घेऊन येजो."

"तो येईन मावशी? दुकान सोडून कुठं जात नाई तो."

"येईन. त्याले तिथं काम हाये."

दोन दिवसांनी ती गेली. गजू खरंच आला. माझ्या मोटारसायकलवर मागं बसून वर्ध्याच्या कबरस्तानापर्यंत आला. शोभा गावातल्या बायांबरोबर जीपमधून आली. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन गेला होता. कबरस्तानातली काळी माती फुगली होती आणि खणून ठेवलेल्या कबरीची एक कड धसून अर्धा खड्डा भरला होता. खणणारा बाजूला उभा राहून म्हणत होता, "मी नाई उतरत. कड अजून धसून राह्यली." मावशीची पेटी दोन स्टुलांवर ठेवलेली. चर्चचे पाळकसाहेब घड्याळ पाहत नव्हते, पण आभाळाकडे पाहत होते.

गजूनं चपला काढल्या.

शोभानं त्याचा शर्ट धरला. त्यानं तिची बोटं सोडवली, फावडं घेतलं आणि उतरला. तो माती काढत राहिला, टोपलं वर देत राहिला. खड्डा साफ झाला तरी वर येईना. तळाशी उकिडवा बसला आणि तळहात जमिनीवर ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग धसलेल्या कडेवर ठेवला. कडेचं एक ढेकूळ सुटून त्याच्या पाठीवर पडलं. तो हलला नाही. कान लावून बसला होता.

"खाली कोणी नाई," तो म्हणाला.

पाळकसाहेबांना वाटलं, जागा मोकळी झाल्याचं सांगतो आहे. "बरं, मग पेटी घेऊ या खाली."

गजूनं वर माझ्याकडे पाहिलं. तोंडभर चिखल, आणि तो हसत होता. "दादा, खाली कोणी नाई. रिकामं हाये. निघून गेला तो."

पेटी त्यानंच हातांनी खाली घेतली, नीट ठेवली, आणि कोणाचा हात न धरता वर आला. मग सगळ्यांना पाठ करून, खड्ड्याकडे तोंड करून उभा राहिला. पाळकसाहेबांची प्रार्थना संपेपर्यंत आम्ही सगळे त्याच्या मागं होतो, आणि त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

परत येताना सेलू मागं पडल्यावर तो म्हणाला, "दादा, मिरग लागायच्या आत विहिरीचा गाळ काढू."

"उतरन कोण?"

"मीच ना. आता तिथं कोणी पुरलेलं नाई."

संध्याकाळचं ऊन होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गावाआधीच्या चढावर माझी मोटारसायकल एकाएकी कण्हायला लागली. दोघांना घेऊन ती तो चढ एरवी हसत चढते. मी गिअर खाली टाकला आणि मागं न पाहता म्हणालो, "गजू, जरा पुढं सरकून बस. जागा दे."

गजू सरकला.